गाळणीत राहिलेला माणूस

४ मार्च

आज पोहोचले. मटाटूवाल्याने व्हॅनच्या टपावरून माझी पत्र्याची पेटी इस्पितळाच्या फाटकातच उतरवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, बाई, यात काय दगड भरलेत? फाटकावरचा रखवालदार म्हणाला, इथे दगड आणावे लागत नाहीत रे, इथे रोज काढतात. मला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, म्हणून लिहून ठेवते.

मुतखड्यांचा हा विभाग नवा आहे. भिंतींना अजून रंगाचा वास येतो. सिस्टर नेकेसा प्रमुख आहेत. लुह्या जमातीच्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी कामाचं काही सांगण्याआधी मला जेवायला बसवलं. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि कोंबडीचा रस्सा. म्हणाल्या, तुम्ही लुओ लोक मासे खाऊन कंटाळत कसे नाही कोण जाणे, आज आमच्याकडचं जेव. मग विचारलं, नवरा कुठे असतो? मी म्हटलं, वारला. त्यांनी रश्श्याचा वाडगा माझ्याकडे सरकवला. मला त्या आवडल्या.

खोली लहान आहे पण नीटनेटकी. सरोवराच्या बाजूची नको असं मी आधीच कळवलं होतं. खिडकीतून टेकडी दिसते आणि टेकडीवर शेळ्या. आरशात पाहिलं. केस आता बोटाच्या पेराएवढे वाढलेत. बरं वाटलं.

७ मार्च

आज पहिल्या ऑपरेशनला उभी राहिले. मी नर्सिंग शिकत होते तेव्हा कुशीत वीतभर कापत, आणि माणूस महिनाभर खाटेवर असे. आता पाठीला बोट जाईल एवढंच भोक. रोग्याला पालथं निजवतात. लघवीच्या वाटेने वर औषधी रंग सोडतात. तो मूत्रपिंडात भरला की एक्स-रेच्या पडद्यावर एक काळं झाड उमटतं. डॉ. मुस्योका त्यातली एक फांदी धरून पाठीतून सुई घालतात, तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या, आणि वाट झाली की दुर्बीण. खडा कांडीने फोडतात. कांडी टक टक टक वाजते.

आत सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर काही दिसत नाही. ते पाणी आणि चुरा माझ्या गाळणीत पडतो. माझं काम तेच. सलाइनच्या पिशव्या बदलायच्या, गाळणी धरायची, तुकडे धुऊन बाटलीत घालून रोग्याला द्यायचे. लोक ती बाटली घरी नेऊन गावभर दाखवतात.

डॉक्टर कांबा जमातीचे आहेत, पार तिकडचे, कोरड्या मुलखातले. काम करताना गुणगुणतात. म्हणाले, या सरोवराकाठच्या माणसांपुढे मी हात टेकले. समोर समुद्राएवढं पाणी, आणि पितात काय, तर सोडा. मी सहसा बोलत नाही, पण तोंडून गेलं की पाणी बघूनच आमचं पोट भरतं. ते इतके हसले की हातातली सुई थांबवावी लागली.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. पडद्यावर आतलं दिसतं. दिव्याचा उजेड, गढूळ पाणी, गुलाबी भिंती आणि तळाशी पिवळट दगड. पाणी आलं की गाळ उठतो आणि हळूहळू बसतो. अगदी पाण्याखालची जागा. मी नंतर पडद्याकडे न बघता पिशवीकडेच बघत राहिले.

१५ मार्च

लिहावं की नाही ठरत नव्हतं. लिहिते.

ओन्दिती, माझा नवरा, गेल्या ऑगस्टमध्ये सरोवरात जाळी टाकायला गेला. होडी सापडली, उलटी. तो सापडला नाही. लोकांनी बुड्या मारल्या, गळ टाकून तळ ओढला. पाणी माणसाला दोन-तीन दिवसांत वर देतं म्हणतात. त्याला दिलं नाही. मग थोरले दीर, ओपोन्दो भाऊजी, यांनी ठरवलं. आमच्यात देह मिळाला नाही तर यागोच्या झाडाचं फळ पुरतात. हातभर लांब असतं, दुधीसारखं, पण जड. त्याला ओन्दितीचा शर्ट घातला, त्याच्याच चादरीत गुंडाळलं आणि घराच्या उजव्या हाताला, पुरुषांच्या जागेत पुरलं. रडणं, बैल, गावजेवण, सगळं रीतीने झालं. माझं डोकं भादरलं. फळाला कुणी फळ म्हणालं नाही. सगळे ओन्दिती म्हणत होते. मीही म्हणत होते. पण माती पडली तेव्हा आवाज फळाचाच आला.

१९ मार्च

आजची रोगी आमच्याच काठाची. ओमेना, ते बोटभर मासे, वाळवून विकते. मला बघताच म्हणाली, तू न्यार सेमे ना गं? ओन्दितीची? सासरी मला याच नावाने हाक मारतात, न्यार सेमे, म्हणजे सेमेची लेक; सेमे माझं माहेर. आकेयो मी फक्त इस्पितळात. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, पोरी, तुझ्या नवऱ्याने मला कधी शिळा मासा विकला नाही, एवढं सांगते. मग पालथी झाली.

मोठा खडा होता. फुटल्यावर चुऱ्याबरोबर गाळणीत एक निळा दोरा आला. नायलॉनचा, जाळ्याचा. डॉक्टर म्हणाले, जुन्या ऑपरेशनचा टाका आत राहिला तर त्याभोवती खडा धरतो. सिस्टर म्हणाल्या, हिचं कधी ऑपरेशनच झालेलं नाही. आणि मग त्याच म्हणाल्या, या लुओंचं काही सांगू नका डॉक्टर, किडनीतसुद्धा जाळं टाकून बसतात! सगळे हसले.

दोऱ्याला गाठ होती. ओन्दिती डावखुरा. त्याच्या गाठी उलट्या पडत आणि भाऊ त्याला त्यावरून चिडवत, की तुझ्या जाळ्यात मासेसुद्धा उलटे शिरतात. ही गाठ उलटी होती.

खडे मी त्या बाईला दिले. दोरा दिला नाही.

२६ मार्च

आज एक म्हातारे मास्तर. त्यांचंही घर त्याच काठाला, होडी सापडली तिथूनच पाणी भरतात. खड्याच्या पोटात नख निघालं. डॉक्टरांनी चिमट्यात धरून उजेडात पाहिलं. म्हणाले, पापुद्रा आहे, असे निघतात कधी कधी.

ओन्दितीच्या डाव्या अंगठ्यावर एकदा होडीचं इंजिन पडलं होतं. तेव्हापासून त्या नखाला मधोमध कंगोरा होता. बसल्या बसल्या त्यावरून बोट फिरवायची मला सवय होती. तो म्हणायचा, झिजवशील. आज धुतल्यावर फिरवलं. तोच कंगोरा.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला आनंद झाला. पाण्याने त्याला एकदम दिलं नाही, पण देतंय.

२ एप्रिल

दात. समोरचा, कोपरा उडालेला. सोड्याच्या बाटल्या तो दातांनी उघडायचा आणि मी ओरडायचे.

या वेळी सिस्टर नेकेसांनीही पाहिला. त्या गाळणीवर वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग छातीवर क्रूस केला आणि डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, आकेयो, दे इकडे. कचऱ्याच्या भट्टीत टाकते. मी मूठ मिटली. त्या म्हणाल्या, अगं वेडे, तुझं नाही ते, रोग्याचं आहे. मी म्हटलं, माझंच आहे. दुपारभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण त्यांना दातच दिसला. म्हणजे हे माझे भास नाहीत.

७ एप्रिल

सुटी घेऊन सासरी गेले. दोरा, नख आणि दात रुमालात बांधून नेले. ओपोन्दो भाऊजी अंगणात रेडिओ ऐकत बसले होते. मी त्यांच्या पुढ्यात रुमाल सोडला आणि म्हटलं, कबर उघडा. ते फळ काढा, हे ठेवा. हा खरा तो आहे.

त्यांनी नीट बघितलंही नाही. म्हणाले, न्यार सेमे, एका माणसाला दोनदा पुरायचं? बैल कोण देणार, तुझा बाप? मग काय वाटलं कोण जाणे, उठले आणि मला कबरीपाशी घेऊन गेले. मातीतून कोंब आलाय. यागोचा. गुडघ्याएवढा, पानं चकचकीत. म्हणाले, बघ. त्याने जागा घेतली. बुजवलेली कबर त्याच नावाने पुन्हा उघडली तर ती घरातलं आणखी एक माणूस मागते. मला पोरंबाळं आहेत, बाई. तुझं काय जातंय बोलायला.

अंगणात परतलो तेव्हा सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, रुमालापाशी येऊन बसल्या. त्यांनी दात उचलला, अंगावरच्या कापडाच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग म्हणाल्या, हा त्याला उशिरा आला होता. बाकीची पोरं बोळका म्हणायची. रडत घरी यायचा.

निघाले तेव्हा त्या वाटेपर्यंत सोडायला आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, त्याची जागा गेली, पोरी. जागा गेलेला माणूस काय करणार? शोधणार.

१२ एप्रिल

या आठवड्यातले सगळे खडे कोरे. त्याच काठाचे रोगी, तेच पाणी पिणारे. नुसता दगड आणि चुरा.

आज रुमाल उघडला. रिकामा. गाठ मी मारली होती तशीच होती. दोरा नाही, नख नाही, दात नाही.

उजव्या कुशीत दुखतंय. सकाळपासून.

१५ एप्रिल

काम करता करता खाली बसले. डॉक्टरांनी लगेच फोटो काढला. मोठा खडा, मूत्रपिंडाच्या सगळ्या फांद्यांत पसरलेला. त्यांची गुणगुण थांबली. म्हणाले, मार्चमध्ये सोनोग्राफीचं नवं यंत्र आलं तेव्हा मी तुझ्यावरच लावून बघितलं होतं. स्वच्छ होतं. असा खडा व्हायला वर्षं लागतात.

लघवीत पू आहे. ताप आहे. ते म्हणाले, लवकर काढला नाही तर मूत्रपिंड सडेल, मग विष रक्तात जाईल, मग तू जाशील. एवढं सरळ आहे. सिस्टर म्हणाल्या, काढा डॉक्टर, पहिली तारीख मिळेल तेव्हा काढा, आणि जे निघेल ते मी स्वतः भट्टीत टाकीन. हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

औषधं चालू केली. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर पी.

फोटो मी मागून घेतला आणि खिडकीशी उजेडात धरला. पाच फांद्या. एक आखूड, बाजूला. ती कुठल्या बाजूला आहे ते नीट बघितलं.

डावा हात आहे.

त्याला जागा सापडली.

१७ एप्रिल

पेलाभर पाणी प्याले. थोड्या वेळाने आत धडपड सुरू झाली. दुखणं नव्हे. दुखणं मला कळतं. हे हातपाय मारणं आहे. मग हळूहळू कमी झालं.

पुन्हा प्याले. पुन्हा तसंच.

मी पाणी पिते तेव्हा तो बुडतो. दर वेळी नव्याने बुडतो.

१८ एप्रिल

ऑपरेशन परवा ठरलंय. किती पाणी सोडतात ते मला ठाऊक आहे, पिशव्या मीच बदलल्यात. बादल्या भरतात. आणि मग कांडी. त्याला पुन्हा पाण्यात घालतील, फोडतील, आणि गाळणी दुसरी कुणीतरी धरेल. आणि भट्टी.

मी पाणी पिणं सोडलं आहे. ओठ फुटलेत.

सिस्टर पेला घेऊन खाटेवर बसल्या. आधी गोड बोलल्या, मग ओरडल्या. मेलेल्यासाठी मरतेस? माझ्याही नवऱ्याला मी पुरलंय. दुसऱ्या दिवशी उठून चहा केला. रडत केला, पण केला. पी! मी तोंड मिटून घेतलं. मग त्यांनी ओला बोळा माझ्या ओठांवरून फिरवला, आणि त्यांनाच रडू आलं. चांगल्या आहेत. मी त्यांना काय सांगू?

पडून विचार केला. त्याची जागा गेली, पण माझी गेलेली नाही. घराच्या डाव्या हाताला बायकांची जागा. तिथे मला पुरतील. मी असेन तिथे तो असेल, माझ्या आत. कुठली कबर उघडायला नको. बैलही नको.

यात दुःख काय आहे ते मला दिसत नाही.

१९ एप्रिल

घरी.

सिस्टर चहाला गेल्या तेव्हा निघाले. मटाटूत शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. मान हलवली.

आईंना सांगितलं. फक्त त्यांनाच. त्यांनी माझ्या कुशीला कान लावला. बराच वेळ. मग वर बघून हसल्या. बाळंतघरात आज्या हसतात तशा. म्हणाल्या, हलतोय. म्हणाल्या, आता मी आहे. तू नुसती पडून राहा.

आमच्याच खोलीत निजवलं. खाटेच्या त्याच्या बाजूला.

२० एप्रिल

माझा फोन वाजतो. सिस्टर असणार. फोन आईंच्या कमरेच्या कापडात आहे. वाजला की त्या वरून हात दाबून धरतात. म्हणतात, त्याची झोप मोडेल.

अंगाखालची चादर ओली. मग थंडी. मग पुन्हा—

बाहेर कुदळ चालली आहे. भर उन्हात.

डाव्या हाताला.

मी कुणाला खणायला सांगितलं नव्हतं. मी अजून— ओपोन्दो भाऊजी म्हणाले, आई, इथली माती मऊ आहे, लवकर होईल. आई म्हणाल्या, रुंद कर, दोघं आहेत. ते म्हणाले, बायकोला पुरायला कुणाची ना नाही.

मला हेच हवं होतं. हेच.

२१ एप्रिल

जीभ चामडं झाली. अक्षर हलतंय.

आज धडपड नाही. आज— टकटक. कांडीची नाही. हळू. दोन, मग थांबून एक. मासे धरून परतला की दारावर असं वाजवायचा. मी दमून झोपले असेन म्हणून हळू. आणि मी उठले नाही तर कुशीला बोट लावून म्हणायचा, ऊठ गं, ऊन वर आलं.

दोन. एक.

तो जागा मागत नाही. कधीच मागितली नसेल. दोरा, नख, दात— मला ओळख पटावी म्हणून. मी समजले त्याला पुरायचंय— आणि तो मला—

ऊठ म्हणतोय.

सिस्टर येतील. इस्पितळाची गाडी आहे. डॉक्टर म्हणाले होते, लवकर. फोडा म्हणावं. पाणी सोडा. त्याची हरकत नाही. त्याची कधी कशाला हरकत—

मला जगायचं आहे. हे लिहिल्यावर कळलं.

२२

उठता येत नाही. पाय—

आई उशाशी. हातात पेला, बाहेरून ओला. दिसतोय. म्हटलं, आई, पाणी. फोन द्या. त्या केसांवरून हात फिरवताहेत. किती मऊ हात. म्हणतात, नको गं बाळा, नको, थोडंच राहिलंय. तो गुदमरेल.

कुदळ थांबली.

म्हटलं, एक घोट. तोच मागतोय. कान लावा, ऐका, तोच— त्यांनी कान लावला. रडताहेत. म्हणतात, हो रे, हो, राजा, झालंच, देते जागा.

दोन. एक.

पेला दाराशी नेला. ओतला. मातीत. आवाज आला—

आई, तो बुडत नाही, तो मला